जनरल इन्शुरन्स ब्रोकरचा परवाना: फाईल परत येऊ नये म्हणून काय आधी, काय मग

विमा ब्रोकरच्या, म्हणजे ग्राहकाच्या वतीने विमा कंपन्यांशी व्यवहार करणाऱ्या मध्यस्थाच्या, नोंदणीच्या फायली बांधण्याचं काम मी करतो. फाईल अडकली की लोक फोन करतात, आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "सगळे कागद दिलेत, तरी शंका काढतायत." कागद बहुतेकदा दिलेलेच असतात. घोडं अडतं ते क्रमावर. कंपनी आधी काढली, नावाचं नंतर पाहिलं. ऑफिस आधी घेतलं, माणसं नंतर शोधली. भांडवल आधी भरलं, ते आलं कुठून याचा कागद नंतर जमवायला घेतला. प्रत्येक उलट्या पावलाला काही आठवडे जातात आणि त्या आठवड्यांचं भाडं चालूच राहतं.

खाली दिलेला क्रम भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे आयआरडीएआयकडे, डायरेक्ट ब्रोकर (जनरल) या वर्गात नोंदणी घेणाऱ्यांसाठी आहे. आधार आहे २०१८ च्या विमा ब्रोकर विनियमांचा.

एक काम आजच करा. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून विनियमांची सुधारित प्रत उतरवून घ्या आणि तीच छापून टेबलावर ठेवा. २०१८ च्या मूळ मजकुरात नोंदणीची मुदत तीन वर्षं आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने विमा कायद्यांत दुरुस्ती केली, त्यात मध्यस्थांसाठी एकदाच नोंदणीची तरतूद आहे. त्यामुळे मुदत, नूतनीकरण आणि शुल्क यांबाबत जुन्या ओळखीच्या ब्रोकरने सांगितलेल्या आकड्यांवर विसंबू नका. त्याने त्याच्या वेळी जे भरलं ते त्याच्या वेळचं.

## पायरी १: तुम्हाला नक्की ब्रोकरच व्हायचंय का?

दर चारातला एक फोन इथेच संपतो. ब्रोकरची नोंदणी एकट्या माणसाला मिळत नाही. ती कंपनीला, एलएलपीला (मर्यादित दायित्व भागीदारीला) किंवा सहकारी संस्थेला मिळते. प्रोप्रायटरी फर्म आणि साधी भागीदारी त्यात बसत नाही. "वीस वर्षं एजन्सी केली, आता स्वतःच्या नावावर ब्रोकर लायसन्स काढतो" हे त्यामुळे होत नाही.

एकट्यानेच काम करायचं असेल तर दोन वाटा मोकळ्या आहेत. एक, पीओएसपी (पॉइंट ऑफ सेल्स पर्सन) व्हा: दहावी पास, १५ तासांचं प्रशिक्षण, परीक्षा, आणि एखाद्या ब्रोकरच्या किंवा कंपनीच्या छत्राखाली ठरलेली साधी उत्पादनं विका. दोन, एखाद्या चालू ब्रोकिंग कंपनीत पात्र व्यक्ती म्हणून नोकरी धरा. दोन-तीन वर्षं तिथे कोटेशन, क्लेम आणि नूतनीकरणं हाताळली की स्वतःची कंपनी काढायची की नाही, याचं उत्तर आपोआप मिळतं.

वर्ग निवडतानाही हात आखडता ठेवा. डायरेक्ट ब्रोकरमध्ये लाइफ, जनरल किंवा दोन्ही असे पर्याय आहेत. त्यापलीकडे रीइन्शुरन्स (विमा कंपन्यांचा स्वतःचा विमा) आणि दोन्ही कामं करणारा कंपोझिट ब्रोकर. डायरेक्टला किमान भांडवल ७५ लाख रुपये लागतं, रीइन्शुरन्सला ४ कोटी, कंपोझिटला ५ कोटी. "पुढेमागे लागेल" म्हणून वरचा वर्ग मागणारे मी पाहिलेत. त्यांना तो पुढेही लागला नाही आणि मागेही.

थांबा: प्रवर्तकांपैकी कुणाच्या नावावर विमा एजन्सी, सर्व्हेअरचा परवाना किंवा दुसऱ्या विमा मध्यस्थ संस्थेत हिस्सा आहे का, ते आत्ताच विचारा. बायकोच्या नावावरची जुनी एलआयसी एजन्सीसुद्धा सांगायला लावा. हे फाईल गेल्यावर बाहेर आलं तर लपवल्यासारखं दिसतं. आधी सांगितलं तर तो फक्त एक खुलासा असतो.

## पायरी २: आधी माणसं ठरवा

तीन माणसं डोळ्यांसमोर असल्याशिवाय कंपनीच्या नावाचा विचारही करू नका. एक प्रिन्सिपल ऑफिसर आणि त्याच्याशिवाय किमान दोन ब्रोकर क्वालिफाइड पर्सन, म्हणजे विनियमांनुसार शिक्षण व प्रशिक्षण झालेले कर्मचारी.

प्रिन्सिपल ऑफिसर म्हणजे प्राधिकरणाच्या लेखी ब्रोकरचा चेहरा. तो संचालक, भागीदार किंवा खास त्या कामासाठी नेमलेला अधिकारी असू शकतो, पण त्याने हेच काम करायचं असतं. सीए असलेला चुलतभाऊ "नावाला" प्रिन्सिपल ऑफिसर दाखवून स्वतःची प्रॅक्टिस चालू ठेवणार असेल, तर ती कल्पना इथेच सोडा. त्याचं आयकर विवरणपत्र फाईलमध्ये जातं आणि त्यात उत्पन्न कुठून येतं ते स्वच्छ दिसतं.

शिक्षणाची अट पदवीची किंवा विमा क्षेत्रातल्या मान्य व्यावसायिक पात्रतेची आहे, जसं इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची असोसिएटशिप किंवा फेलोशिप. प्रमाणपत्र डोळ्यांनी बघा. "बी.कॉम. झालंय" म्हणणाऱ्याचा शेवटच्या वर्षाचा एक विषय राहिलेला असतो, हे मी दोनदा अनुभवलंय. दोन्ही वेळा माणूस कामाला उत्तम होता, त्यामुळे त्याला नाही म्हणताना जास्तच वाईट वाटलं.

दोन पात्र व्यक्ती लागतात म्हणून दोनच धरू नका. फाईल मंजूर व्हायला महिने लागतात आणि तेवढ्यात एक जण बँकेत नोकरीला लागतो. तिसऱ्या माणसाचं प्रशिक्षण करून ठेवण्याचा खर्च फाईल थांबण्याच्या खर्चापेक्षा कितीतरी कमी असतो.

तपासा: तिघांचीही पॅन, आधार, पदवी प्रमाणपत्र आणि बँक खात्यावरची नावं एका कागदावर एकाखाली एक लिहा. आपल्याकडे बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पॅनवर नाव आधी. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंची पदवी माहेरच्या नावावर, आधार सासरच्या नावावर आणि पॅनवर दोन्हींची भेळ. क्रमाचा फरक साध्या प्रतिज्ञापत्राने निभावतो. नावच वेगळं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत लागते, आणि राजपत्राला वेळ लागतो. म्हणून हे काम दुसऱ्या पायरीत. पाचव्या पायरीत आठवलं तर उशीर झालेला असतो.

## पायरी ३: पैशाचं गणित, दोन रकान्यांत

सगळ्यांना ७५ लाख पाठ असतात. त्याच विनियमांतला दुसरा आकडा, ५० लाख, फार थोड्यांच्या लक्षात राहतो.

७५ लाख हे भरणा केलेलं किमान भांडवल. ५० लाख हे नेटवर्थ, म्हणजे मालमत्तेतून देणी वजा करून उरणारी रक्कम, आणि ते कधीही त्याखाली जायचं नाही. म्हणजे तुम्हाला तोटा सोसण्याची मुभा एकूण २५ लाखांची. जनरल इन्शुरन्सच्या ब्रोकरेजमध्ये पहिल्या वर्षी पैसे हळू येतात. कॉर्पोरेट ग्राहकांची नूतनीकरणं बरीचशी १ एप्रिलच्या आसपास असतात आणि तुमची नोंदणी ऑगस्टमध्ये हातात पडली तर मोठ्या कामांची वेळ टळलेली असते.

एक उदाहरण धरू. ऑफिसचं भाडं महिना ४५ हजार. प्रिन्सिपल ऑफिसरचा पगार ९० हजार. दोन पात्र व्यक्ती मिळून ८० हजार. सॉफ्टवेअर, वीज, इंटरनेट, हिशोब, प्रवास मिळून ३५ हजार. बेरीज अडीच लाख. कंपनी स्थापना, मुद्रांक, प्रशिक्षण, अर्जशुल्क असे सुरुवातीचे खर्च ३ लाख धरा. उत्पन्न शून्य असताना नऊ महिन्यांनी काय होतं?

तीन लाख अधिक साडेबावीस लाख, म्हणजे साडेपंचवीस लाखांचा तोटा. नेटवर्थ साडेएकोणपन्नास लाख. नियम मोडला, आणि अजून एकही पॉलिसी विकलेली नाही.

रोख रकमेचा रकाना वेगळा मांडा. १० लाख रुपये शेड्यूल्ड बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावे लागतात आणि प्राधिकरणाच्या लेखी परवानगीशिवाय ती मोडता येत नाही. फर्निचर, संगणक आणि ऑफिसची अनामत यांतही रोख अडकते. या गोष्टी मालमत्ता असल्याने नेटवर्थमध्ये धरल्या जातात, फर्निचर-संगणकांवर घसारा तेवढा बसतो. पण त्यांतून पगार होत नाहीत. म्हणून होतं असं की ताळेबंदावर नेटवर्थ ५८ लाख दिसतं आणि खात्यात सतरा लाख असतात. दोन्ही आकडे दर महिन्याला बघायचे.

माझा सल्ला साधा आहे: ७५ लाखांत सुरू करू नका. ९० लाख ते १ कोटी भांडवल जमत असेल तरच पुढे जा, किंवा प्रवर्तकांपैकीच एक जण प्रिन्सिपल ऑफिसर होऊन पहिलं वर्ष नाममात्र मानधनावर काढू दे. काही सल्लागार याच्या उलट सांगतात, "आधी लायसन्स घ्या, भांडवल नंतर वाढवू." नंतर वाढवताना पुन्हा मूल्यांकन, पुन्हा नवे भागधारक, पुन्हा योग्यतेचे खुलासे. तो उद्योग मी तरी कुणाला सुचवत नाही.

नेहमी होणाऱ्या तीन चुका:

- अधिकृत भांडवल ७५ लाख केलं, भरणा मात्र १० लाख. मोजलं जातं ते भरणा केलेलं.
- शेअर प्रीमियमवर वाटले. ५० लाखांचे शेअर आणि २५ लाख प्रीमियम, म्हणजे भरणा भांडवल ५० लाखच.
- पैसे एका नातेवाइकाकडून तात्पुरते घेतले. याबद्दल सहाव्या पायरीत सविस्तर.

## पायरी ४: नाव, कंपनी आणि उद्देश कलम

नावात "इन्शुरन्स ब्रोकर", "इन्शुरन्स ब्रोकर्स" किंवा "इन्शुरन्स ब्रोकिंग" हे शब्द असलेच पाहिजेत. उलट बाजूने, कंपनी कायद्याच्या नियमांनुसार नावात "इन्शुरन्स" शब्द असेल तर संबंधित नियामकाच्या अटी पाळल्याचं जाहीर करावं लागतं. म्हणजे कंपनी निबंधक विचारतो नियामकाचं काय, आणि नियामकाला हवी असते रीतसर स्थापन झालेली कंपनी. या चक्रात अडकून लोक शॉर्टकट काढतात: आधी "अमुक रिस्क सोल्युशन्स" नावाने कंपनी काढतात, मग नाव बदलतात. नाव बदललं की पॅन, बँक खातं, भाडेकरार, जीएसटी, शिक्का, सगळं पुन्हा. सरळ मार्ग असा की प्राधिकरणाकडून नावाबाबत ना-हरकत मिळवायची, ती जोडून नाव आरक्षित करायचं, आणि मगच कंपनीचा अर्ज भरायचा.

नावं तीन तयार ठेवा. पहिलं नाव चालू असलेल्या कुठल्यातरी ब्रोकरच्या नावाशी जुळतं, हे अर्ज केल्यावरच कळतं.

आता उद्देश कलम, म्हणजे कंपनीच्या मेमोरँडममध्ये (घटनापत्रात) ती काय धंदा करणार ते लिहिलेला भाग. यात मी स्वतः मार खाल्लाय. सुरुवातीच्या काळात एका फाईलचं मेमोरँडम मी जुन्या वित्तीय सल्लागार कंपनीच्या मसुद्यावरून बेतलं. मुख्य उद्देशात विमा ब्रोकिंग लिहिलं, आणि त्याच परिच्छेदाच्या शेपटीला "तसेच म्युच्युअल फंड वितरण, कर्ज मिळवून देणे व सर्व प्रकारचा आर्थिक सल्ला" तसंच राहून गेलं. ब्रोकरने फक्त ब्रोकिंगचाच व्यवसाय करायचा असतो. एक ओळ राहिली आणि त्यासाठी विशेष ठराव, त्याचा फॉर्म एमजीटी-१४, सुधारित मेमोरँडम, आणि ग्राहकाचे सात आठवडे. फी मी घेतली नाही, पण त्यांनी भाडं भरलंच.

म्हणून मसुदा असा तपासा: मुख्य उद्देशात "विमा ब्रोकर म्हणून, डायरेक्ट ब्रोकर (जनरल) या वर्गात" एवढंच. पूरक उद्देशांतही दुसऱ्या धंद्याचं नाव नको. "कायद्याने अनुमत इतर कोणताही व्यवसाय" हे वाक्य सवयीने येतं, ते खोडा.

कंपनी स्थापन झाली की मूळ भागधारकांचे पैसे कंपनीच्या खात्यात, त्यांच्या स्वतःच्या खात्यांतून, बँकिंग मार्गाने. १८० दिवसांत व्यवसाय सुरू केल्याचं जाहीरपत्र, म्हणजे आयएनसी-२०ए, भरायचं. पुढचे शेअर देणार असाल तर अर्जाचे पैसे आल्यापासून ६० दिवसांत वाटप व्हायला हवं. या तारखा चुकल्या तर प्राधिकरणाकडे जाण्याआधीच तुमच्या कंपनीच्या नोंदीत डाग दिसतो.

तपासा: मेमोरँडम, नोंदणी दाखला आणि पॅन या तिन्हींवर नावातलं "प्रायव्हेट लिमिटेड" आणि "ब्रोकर्स"चं शेवटचं अक्षर एकसारखं आहे का? हसू नका. एका "एस"साठी बँकेने मुदत ठेवीची पावती बदलून द्यायला तीन आठवडे घेतलेले आहेत.

## पायरी ५: प्रशिक्षण आणि परीक्षा

प्रिन्सिपल ऑफिसर आणि पात्र व्यक्तींनी मान्यताप्राप्त संस्थेत ५० तासांचं प्रशिक्षण घ्यायचं आणि मग परीक्षा द्यायची. परीक्षा घेते पुण्यात बालेवाडीला असलेली नॅशनल इन्शुरन्स अकॅडमी. विमा क्षेत्रातला मोठा अनुभव किंवा वर सांगितलेली असोसिएटशिप, फेलोशिप असणाऱ्यांना तास कमी, २५ लागतात. ही सवलत हवी असेल तर अनुभवाचं पत्र आधी हातात घ्या. जुन्या नोकरीतून पद आणि तारखा लिहिलेलं पत्र मिळवायला कधी कधी प्रशिक्षणाच्या तासांपेक्षा जास्त वेळ जातो; तेव्हा मी सरळ ५० तास करून टाकायला सांगतो.

प्रशिक्षण आपल्याच वर्गाचं घ्या. जनरलची फाईल आणि लाइफचं प्रशिक्षण असा प्रकार झालेला आहे. उमेदवाराला प्रवेश देताना संस्था कोणते कागद मागते, प्रस्तावित कंपनीचं पत्र लागतं का, हे फोनवर न विचारता ई-मेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

अनुभवी माणसं परीक्षेत कुठे घसरतात? मोटर आणि आरोग्य विम्यात त्यांचा हात बसलेला असतो. अडतं ते आगीच्या पॉलिसीतल्या सरासरीच्या अटीवर, सागरी विम्यातल्या विमाहितावर आणि विनियमांच्या बारकाव्यांवर. सरासरीचं उदाहरण मी सगळ्यांना कागदावर करायला लावतो: मालाची किंमत १ कोटी, विमा ६० लाखांचा, नुकसान २० लाखांचं. विमा किमतीच्या ६० टक्केच, म्हणून भरपाईही नुकसानाच्या ६० टक्केच: २० लाख नाही, १२ लाख. हे परीक्षेपुरतं नाही. उद्या गोदामवाला ग्राहक समोर बसून "विमा तर साठ लाखांचा होता ना?" असं विचारेल तेव्हा उत्तर तुम्हालाच द्यायचंय.

## पायरी ६: फाईल बांधणं

इथे घाई करायची नाही. मी फाईल तीन गठ्ठ्यांत बांधतो.

पहिला गठ्ठा, कंपनीचा. स्थापना दाखला, मेमोरँडम, आर्टिकल्स, भागधारकांची यादी, संचालक मंडळाचे ठराव, लेखापरीक्षक आणि बँकेचे तपशील, सनदी लेखापालाचं भांडवल व नेटवर्थचं प्रमाणपत्र. प्रमाणपत्राची तारीख आणि त्यातल्या आकड्यांची तारीख वेगळी असते. दोन्ही ताज्या हव्यात.

दुसरा गठ्ठा, माणसांचा. प्रवर्तक, संचालक आणि प्रिन्सिपल ऑफिसर "योग्य व उचित" असल्याची घोषणापत्रं, शिक्षणाचे आणि प्रशिक्षणाचे दाखले, मागच्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं. घोषणापत्रात एखादा जुना चेक न वटल्याचा खटला असेल तर तो लिहा, निकालाची प्रत जोडा. न्यायालयांच्या नोंदी आता कुणालाही नावाने शोधता येतात.

तिसरा गठ्ठा, पैशाच्या वाटेचा. बहुतेकांची फाईल या गठ्ठ्यात पातळ असते. प्रवर्तकाने ३० लाख भरले, तर ते त्याच्याकडे कुठून आले हे सलग दिसलं पाहिजे. फ्लॅट विकला असेल तर विक्रीखत, खरेदीदाराच्या बँकेतून आलेली रक्कम, त्या वर्षीच्या विवरणपत्रात भांडवली नफा, आणि मग कंपनीच्या खात्यात गेलेली रक्कम. चार कागद, एकच साखळी. शेतजमीन विकून पैसे आले असतील तर सातबाराचा फेरफारही लावा.

साखळी तुटते ती अशी: विवरणपत्रात वार्षिक उत्पन्न सहा लाख, आणि भांडवल भरायच्या आदल्या आठवड्यात खात्यात मेहुण्याकडून १५ लाख जमा. "तात्पुरते घेतलेत, परत देणार आहे." म्हणजे ते कर्ज झालं, आणि कर्जाऊ पैसा हे प्रवर्तकाचं स्वतःचं भांडवल नव्हे. मेहुण्याला खरंच पैसे घालायचे असतील तर त्यालाच भागधारक करा, त्याचेही कागद लावा. बक्षीसपत्राचा खेळ करू नका. तपासणारा रोज असल्या फायली बघतो.

याच गठ्ठ्यात तीन वर्षांचा व्यवसाय आराखडा जातो. तो इंटरनेटवरून उचललेला असला की पहिल्या पानावरच ओळखू येतो: "भारतीय विमा बाजार वेगाने वाढत आहे" वगैरे. तुम्ही लिहा की पहिल्या वर्षी कोणत्या प्रकारचे ग्राहक, अंदाजे किती, कोणते विमे, सरासरी प्रीमियम किती, त्यावर ब्रोकरेज किती, आणि क्लेमचं काम कोण बघणार. एक आकडा इथे जपून मांडा: कोणत्याही एका ग्राहकाकडून येणारा व्यवसाय निम्म्याहून जास्त असता कामा नये. प्रवर्तकाच्याच कारखान्याचा विमा हा एकमेव भरवशाचा धंदा असलेले आराखडे मी पाहिलेत. स्वतःच्या प्रीमियमवरचं कमिशन वाचवायला काढलेली कंपनी असाच त्याचा अर्थ होतो, आणि वाचणाऱ्यालाही तो कळतो.

तपासा: आराखड्यातला पगारखर्च आणि नेमणूकपत्रांतले पगार जुळतात का? आराखड्यात प्रिन्सिपल ऑफिसरला ४० हजार आणि नेमणूकपत्रात ९० हजार असं असेल तर दोन्ही कागद निरुपयोगी होतात.

## पायरी ७: अर्ज आणि शंकांची उत्तरं

अर्ज ऑनलाइन भरायचा, सोबत डायरेक्ट ब्रोकरसाठी २५ हजार रुपये अर्जशुल्क आणि वर कर. ते परत मिळत नाही. नोंदणीचं शुल्क वेगळं, ५० हजार आणि कर. ते मंजुरीच्या टप्प्यावर.

शंका येणारच. शंका आली म्हणजे फाईल बिघडली असं मानून लोक हैदराबादला ओळख शोधायला लागतात. त्यापेक्षा उत्तर नीट द्या. माझी पद्धत: शंकेचं वाक्य जसंच्या तसं, खाली एका परिच्छेदात उत्तर, खाली जोडपत्राचा क्रमांक. सात शंका असतील तर सात उत्तरं. "सोबत सर्व कागद जोडले आहेत" असं मोघम पत्र आणि ऐंशी पानांची पीडीएफ पाठवली की पुढची शंका हमखास येते. दिलेली मुदत पाळा. वेळ कमी पडणार असेल तर मुदत संपण्याआधी लेखी वाढवून मागा.

उत्तर देताना नवीन माहिती घुसडू नका. विचारलं भाडेकराराबद्दल आणि तुम्ही उत्साहाने लिहिलं की दरम्यान एक संचालकही बदलला, तर त्या संचालकाचा पूर्ण गठ्ठा नव्याने द्यावा लागतो.

नोंदणी नाकारली गेली तर सिक्युरिटीज अपिलेट ट्रिब्युनलकडे दाद मागता येते. पण नाकारण्याचं कारण भांडवल किंवा पात्रता असेल तर अपिलापेक्षा दुरुस्त करून नवा अर्ज बरा.

## पायरी ८: तत्त्वतः मंजुरी ते प्रमाणपत्र

तत्त्वतः मंजुरीचं पत्र आलं की पेढे वाटतात, पाटी लावतात, आणि एखादा हौशी प्रवर्तक पहिलं कोटेशनही काढतो. ते पत्र म्हणजे अटींची यादी आहे. प्रमाणपत्र हातात येईपर्यंत ब्रोकर म्हणून एक शब्दही कुणाला लिहायचा नाही. व्हिजिटिंग कार्डावरही नाही.

या टप्प्यावर करायच्या गोष्टी: १० लाखांची मुदत ठेव प्राधिकरणाच्या नावे लीन मार्क करून घेणं (म्हणजे ठेवीवर प्राधिकरणाचा हक्क बँकेत नोंदवणं), व्यावसायिक उत्तरदायित्व विमा म्हणजे प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी, इन्शुरन्स ब्रोकर्स असोसिएशन ऑफ इंडियाचं सदस्यत्व, ऑफिस आणि नोंदी ठेवण्याची व्यवस्था. ठेवीसाठी बँकेच्या शाखेत जाताना विनियमांचं ते पान छापून न्या. शाखेतल्या माणसाने असली ठेव आयुष्यात केलेली नसते आणि तो तुम्हाला साधी पावती देऊन मोकळा होतो.

इन्डेम्निटी पॉलिसी स्वस्तातली घेऊ नका. डायरेक्ट ब्रोकरला वार्षिक मोबदल्याच्या दुप्पट रकमेचं संरक्षण लागतं, त्याला किमान मर्यादा आहे. पॉलिसीत स्वतः सोसायची रक्कम किती, आणि कर्मचाऱ्याच्या अप्रामाणिकपणाने झालेलं नुकसान धरलंय का, ही दोन कलमं स्वतः वाचा. दुसऱ्यांना पॉलिसी वाचून दाखवायला निघालेला माणूस स्वतःची न वाचता सही करतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता आश्चर्य वाटत नाही.

ऑफिसबद्दल: अर्जाच्या वेळी पत्ता आणि जागेचा कागद लागतो, पण मोठी जागा लागत नाही. अर्जापुरती लहान जागा घ्या. भाडेकरारात ब्रोकिंग व्यवसायाचा उल्लेख आणि सोसायटीची ना-हरकत असू द्या. आठ टेबलांचं फर्निचर प्रमाणपत्रानंतर. तिसऱ्या पायरीतलं गणित पुन्हा बघा म्हणजे कारण कळेल.

## पायरी ९: पहिले तीन महिने

प्रमाणपत्र आलं. आता ज्या चुकांनी ते धोक्यात येतं त्या थोडक्यात.

ग्राहकाकडून लेखी मँडेट, म्हणजे त्याच्या वतीने काम करण्याचं अधिकारपत्र, घेतल्याशिवाय विमा कंपनीकडे कोटेशन मागू नका. दोन ब्रोकर एकाच कारखान्याचं कोटेशन मागायला गेले की कंपनी मँडेट कुणाकडे आहे ते विचारते, आणि "साहेबांनी फोनवर सांगितलं" याला काही किंमत नसते.

प्रीमियमचा चेक किंवा ऑनलाइन भरणा थेट विमा कंपनीच्या नावाने. विमा कायद्याच्या कलम ६४व्हीबीनुसार प्रीमियम मिळाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. चेक तुमच्या ड्रॉवरमध्ये शुक्रवार ते सोमवार पडून राहिला आणि रविवारी गोदाम पेटलं, तर पहिला दावा तुमच्या इन्डेम्निटी पॉलिसीवर येतो.

कमिशनमधला वाटा ग्राहकाला परत द्यायचा नाही. कलम ४१ त्याला मनाई करतं. "सगळेच देतात" हे तुम्हाला पहिल्याच महिन्यात ऐकू येईल, बहुधा तुमच्याच नातेवाइकाकडून.

प्रिन्सिपल ऑफिसर सोडून गेला, पात्र व्यक्ती दोनच्या खाली आल्या, भागधारक बदलले, ऑफिस हललं, यांतलं काहीही झालं की विनियमांत त्यासाठी काय लिहिलंय ते त्याच दिवशी उघडून बघा आणि प्राधिकरणाला कळवा. काही बदलांना आधी मंजुरी लागते. यासाठी भिंतीवर एक कागद लावा: डावीकडे बदल, उजवीकडे कळवायची मुदत आणि कोण कळवणार त्याचं नाव. त्याच कागदाच्या तळाशी दर महिन्याच्या ५ तारखेला नेटवर्थ आणि खात्यातली रोख असे दोन आकडे पेनाने लिहायचे. नेटवर्थ ५५ लाखांवर आलं की भागधारकांची बैठक बोलवायची.